साखळीच्या कोणत्या कडीवर बोट ठेवावे?

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महागाईविरोधी मोर्चा निघाला की तो बहुधा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापुढे थांबतो. गिऱ्हाइकाला भाव सांगणारा माणूस तोच असल्यामुळे लोकांचा रागही त्याच्यावरच निघतो. परंतु घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या बाजारात सकाळी कांद्याला जो भाव लागतो, तो ठरवण्याची शक्ती त्या विक्रेत्याच्या हाती क्वचितच असते. तो शेवटची कडी आहे. त्याच्या मागे वाशीचा अडत्या, अडत्याच्या मागे ट्रकवाला, त्याच्या मागे लासलगाव-पिंपळगावचा खरेदीदार आणि या सर्वांच्या मागे नाशिक जिल्ह्यातला शेतकरी उभा असतो. या रांगेला आज पुरवठ्याची साखळी म्हणतात. हा शब्द व्यवस्थापनशास्त्राचा आहे आणि तो १९८२ नंतर कंपन्यांच्या सल्लागारांनी रूढ केला. वस्तू मात्र जुनीच आहे. ती कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय महागाईविरुद्धचा लढा चुकीच्या दारावर धडका देत राहील.

माल, पैसा आणि माहिती

कोणत्याही साखळीतून तीन प्रवाह वाहतात. माल उत्पादकाकडून ग्राहकाकडे येतो. पैसा ग्राहकाकडून उत्पादकाकडे उलट जातो. आणि किती माल आहे, कोठे आहे, कोणाला किती हवा आहे, ही माहिती दोन्ही दिशांनी फिरते. हे तिन्ही प्रवाह सर्वांपर्यंत सारख्याच वेगाने पोचले असते, तर साखळीतील कोणत्याही एका कडीला दुसऱ्या कडीवर हुकमत गाजवता आली नसती. प्रत्यक्षात शेतकऱ्याचा माल प्रथम निघतो, पैसा त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचतो आणि पुढच्या महिन्यात काय भाव राहील याची माहिती तर बहुधा पोचतच नाही. मधल्या कडीजवळ मात्र एकाच वेळी माल, उधारीचे पैसे आणि बाजाराची खबर अशा तिन्ही गोष्टी असतात.

कांद्याचेच पाहा. उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तो चाळीत नीट साठवला तर चार-सहा महिने टिकतो, आणि खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत मुंबईला त्याच्यावरच भागवावे लागते. म्हणजे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ पार करणे हे या साखळीतले खरे काम. हा काळ पार करण्यासाठी चाळ हवी, घट सोसण्याची ताकद हवी आणि तोवर घर चालवण्यापुरता पैसा हवा. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि खतवाल्याची उधारी आहे, तो एप्रिलमध्येच विकतो. ज्याला थांबणे परवडते, तो सप्टेंबरमध्ये विकतो. या दोन महिन्यांतल्या भावांतील फरक हे थांबण्याचे मोल आहे, आणि ते थांबू शकणाऱ्यालाच मिळते.

थांबण्यातही सर्वांना सारखे संरक्षण नसते. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांकडे मनीऑर्डरने पाठवून दिले. किलोला दीड रुपयाहूनही कमी भाव पडला होता. त्या रकमेत ना चाळीचा खर्च निघत होता ना पेरणीचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो, त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात. टोमॅटोच्या बाबतीत ३३ आणि बटाट्याच्या बाबतीत ३७. उरलेले सर्व पैसे लूट आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांत वाहतूक आहे, हमाली आहे, सडलेल्या मालाची घट आहे, दुकानाचे भाडे आहे. कार्यकर्त्याने ६४ पैशांचा हिशेब मागावा आणि त्यातला कष्टाचा मोबदला किती व अडवणुकीची खंडणी किती हे वेगळे करून दाखवावे. घोषणा त्यानंतर द्यावी.

चाबकाचे टोक

साखळीचा दुसरा नियम माहितीसंबंधी आहे. जे फॉरेस्टर या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली आपल्या पुस्तकात तो मांडला. समजा, बोरिवलीच्या एका दुकानात आठवड्याला दहा पोती साखर खपते. टंचाईची कुणकुण लागून लोकांनी थोडी जास्त साखर नेली आणि खप बारा पोत्यांवर गेला. दुकानदार खबरदारी म्हणून पंधरा पोती मागवतो. त्याच्यासारख्या पन्नास दुकानांची मागणी वाढलेली पाहून घाऊक व्यापारी आणखी वरचा अंदाज बांधतो, आणि कारखान्यापर्यंत पोचेतो दोन पोत्यांची वाढ दुपटीची होऊन बसते. पुढे लोकांच्या घरी डबे भरलेले असल्यामुळे खप आठ पोत्यांवर येतो, तेव्हा तीच लाट उलट्या दिशेने फिरते. चाबकाची मूठ थोडीशी हलली तरी टोक जोराने फटकारते, तसा हा प्रकार आहे, आणि त्या टोकाला नेहमी उत्पादक उभा असतो. गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा सर्वांनी कांदा लावायचा आणि यंदा भाव कोसळला म्हणून पुढच्या वर्षी कोणीच लावायचा नाही, हा नाशिक-नगरकडचा नेहमीचा फेरा याच नियमातून येतो.

यावर उपाय म्हणजे साऱ्या कड्यांना खरा साठा आणि खरा खप एकाच वेळी दिसणे. मोठ्या कंपन्या आज हे करतातच. त्यांच्या दुकानात एक पुडा विकला गेला की भिवंडीच्या गोदामातल्या यंत्राला त्याची नोंद पोचते. पण ही नोंद कंपनीची खाजगी मालमत्ता असते. शेतकऱ्याला, ग्राहकाला आणि सरकारला ती दिसत नाही. माहिती आहे, पण ती मूठभरांपाशी आहे, ही आजच्या साखळीची खरी विषमता आहे.

दुधाचा धडा

कोणत्या कडीवर ताबा असला म्हणजे साखळी हाती येते, याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. १९४५ साली सरकारने मुंबई दूध योजना सुरू केली आणि गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरून दूध येऊ लागले. दूध काही तासांत नासते. ते एवढ्या अंतरावर आणायचे तर तापवून थंड करणारी यंत्रणा हवी, आणि ती पोल्सन या खाजगी कंपनीपाशी होती. सरकारने दूध गोळा करण्याचा मक्ता तिलाच दिला. गवळ्यांपाशी म्हशी होत्या आणि मुंबईकरांपाशी पैसे होते, परंतु दुधाचे नासणे थांबवणारी मधली एकच कडी मक्तेदाराच्या हाती असल्यामुळे दोन्हीकडचे भाव तोच ठरवत होता. जानेवारी १९४६ मध्ये खेड्याच्या शेतकऱ्यांनी समरखा येथे सभा घेऊन दूध घालणे बंद केले. पंधरा दिवस मुंबईच्या योजनेला तेथून दूध मिळाले नाही. त्या लढ्यातून त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी जिल्हा सहकारी संघ उभा राहिला, आणि नासणे थांबवणारी कडी उत्पादकांनी आपल्या हाती घेतली.

इकडे गोरेगावला १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. शहरातल्या कोंदट तबेल्यांतील म्हशी मोकळ्या जागेत आणाव्यात, त्यांचे दूध सरकारी दुग्धशाळेत शुद्ध करावे आणि ठरलेल्या भावाने लोकांना द्यावे अशी ती योजना होती. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते दुग्धशाळेचे उद्घाटन झाले. पहाटे आरेच्या केंद्रापुढे कार्ड आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन उभी असलेली रांग हे पुढची कित्येक वर्षे उपनगरी सकाळचे रूप होते. दुकानदार दुधात पाणी घालतो की नाही, हा प्रश्न त्या रांगेत कोणाला पडत नव्हता.

मग आज काय दिसते? सरकारी योजना आक्रसत गेली. राज्याच्या सहकारी दूध महासंघाची ‘महानंद’ दुग्धशाळा १९८३ साली गोरेगावलाच सुरू झाली. २०२४ साली तिचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. आरेचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत आले ते मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ मध्ये तोडलेल्या झाडांमुळे. आणंदच्या संघाचे दूध मात्र उपनगरांच्या घराघरांत पोचले. दोन्ही योजना सार्वजनिक हेतूने निघाल्या होत्या. एक खात्याची होती आणि दुसरीत रोज सकाळी दूध घालणाऱ्या माणसाला मत होते. समाजवाद्यांनी यातून कडू असला तरी धडा घ्यायला हवा: सरकारची मालकी म्हणजे लोकांचा ताबा असे आपोआप होत नाही. ज्या संस्थेत उत्पादकाचा आणि ग्राहकाचा आवाज उरत नाही, ती एक दिवस इमारत आणि जमीन यांपुरतीच शिल्लक राहते.

साठा कोणासाठी?

तिसरा नियम साठ्याचा. चळवळीच्या भाषेत साठा हा शब्द बहुधा साठेबाजांच्या जोडीनेच येतो. परंतु साठ्याशिवाय साखळी नाही. पीक वर्षातून एकदा येते आणि पोट रोज दोनदा भरावे लागते. मधले अंतर साठाच भरून काढतो. साठा बाळगायला खर्च येतो, म्हणून कंपन्या तो कमीत कमी ठेवू पाहतात. जपानच्या टोयोटा कारखान्याने हवा तेवढाच सुटा भाग हव्या त्या वेळी आणण्याची पद्धत बसवली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. पण मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एकच जहाज आडवे अडकले आणि सहा दिवस मोठा जागतिक व्यापार खोळंबला, तेव्हा कमी साठ्याची ही काटकसर किती ठिसूळ आहे हे दिसले. २०२० च्या टाळेबंदीत तर उपनगरांनी तो अनुभव घरातच घेतला. त्या वर्षी मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. एवढ्या मोठ्या वस्तीची एकच नाडी त्या बाजारातून जाते, हे त्या आठवड्यात सर्वांना उमगले.

त्याच काळात बोरिवलीच्या अन्न महामंडळाच्या कोठारासारख्या जागांचे मोल कळले. खाजगी साठा भाव चढण्याची वाट पाहतो. सार्वजनिक साठा अडचणीच्या दिवसाची. मुंबईत १९४३ साली युद्धकाळात शिधावाटप सुरू झाले. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क म्हणून दिला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले.

परंतु हक्क कागदावर कोणाला मिळाला हेही पाहिले पाहिजे. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्राने शहरी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये ठरवली. म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. मुलुंडच्या झोपडपट्टीत दोन घरची धुणीभांडी करणारी बाई आणि बिगारीवर जाणारा तिचा नवरा यांचे मिळून उत्पन्न यापेक्षा जास्तच भरते. एवढ्यानेच ते कुटुंब कायद्याच्या दृष्टीने गरीब उरत नाही. त्यातही लाभार्थींची कमाल संख्या २०११ च्या जनगणनेवर बांधलेली. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी. त्यानंतर जन्मलेले मूल आणि त्यानंतर गावाहून आलेले कुटुंब यांना रांगेत जागा मिळते ती बहुधा दुसरा कोणी बाहेर पडला तरच. कोठारात धान्य असून ते शेवटच्या कडीपर्यंत पोचत नाही, याचे कारण येथे दलाल नाही. येथे कडी तोडणारा एक शासकीय आकडा आहे.

सार्वजनिक साठ्याचा दुरुपयोगही होतो. केंद्र सरकारने २०२३-२४ मध्ये कांद्याचा ५ लाख टनांचा राखीव साठा करण्याचे ठरवले. धोरण योग्यच होते. पण भाव चढले की साठा बाजारात ओतायचा, डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी घालायची आणि भाव पडले की शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, असा एकतर्फी कारभार झाला तर ग्राहकाची सोय शेतकऱ्याच्या पैशाने होते. नाशिकचा शेतकरी आणि घाटकोपरचा कामगार यांना एकमेकांसमोर उभे करणारे धोरण दोघांचेही मित्र नाही. राखीव साठ्याला जसा ग्राहकासाठी वरचा भाव हवा, तसाच शेतकऱ्यासाठी खालचा भावही हवा.

आणि खाजगी साठ्यावर लगाम हवा. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने तो सरकारच्या हाती दिला होता. २०२० च्या दुरुस्तीने फळे-भाज्यांचे किरकोळ भाव दुप्पट होईपर्यंत आणि टिकाऊ शेतमालाचे भाव दीडपट होईपर्यंत साठ्यावर मर्यादा घालता येणार नाही, अशी तरतूद केली. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांनी २०२१ अखेर ही दुरुस्ती इतर दोन कायद्यांबरोबर मागे घ्यायला लावली. तो विजय केवळ पंजाबचा नव्हता. बोरिवलीच्या ग्राहकाचाही त्यात वाटा होता, जरी उपनगरांत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

खांद्यावरचे ओझे

माल आपल्या पायांनी चालत नाही. साखळीच्या प्रत्येक जोडावर एक खांदा असतो. मशीद बंदरच्या आणि इतर बाजारांतील माथाड्यांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याची मूळ कल्पना साधी पण दूरदर्शी होती. हमालाला एक मालक नसतो. तो आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर राबतो. म्हणून प्रत्येक व्यापारी हात झटकू शकत होता. कायद्याने सरकार, मालक आणि कामगार यांचे मंडळ मध्ये उभे केले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि औषधोपचार द्यायचे. मालक अनेक असले तरी जबाबदारी एक, हे तत्त्व महाराष्ट्राने घालून दिले.

आज अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीच्या गल्ल्यांत गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेली लहान लहान कोठारे झाली आहेत. तेथून पिशवी घेऊन दुचाकीवर धावणारा तरुण हा नव्या काळाचा माथाडीच आहे. दहा मिनिटांत घरपोच, अशा जाहिराती झाल्या. पण साखळीतला वेळ कधी नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी अंगावर ढकलला जातो. येथे तो सिग्नलवर, पावसात आणि खड्ड्यांत त्या तरुणाच्या अंगावर ढकलला गेला. त्याला कंपनी कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत भरावी अशी तरतूद आहे. हे पाऊल पुढचे आहे. पण एका फेरीचा दर किती, काम कशाच्या आधारावर मिळते आणि खाते बंद केले तर दाद कोठे मागायची, याबद्दल ती मौन बाळगते. माथाडी मंडळाने ५० वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाला हात घातला, तो मजुरीचाच प्रश्न येथे मोकळा सुटला आहे.

कामाची दिशा

१९७२ साली दुष्काळ आणि महागाई यांनी लोक होरपळत असताना महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया त्यात एकत्र आल्या. लाटणी आणि थाळ्या यांमुळे ते आंदोलन लोकांच्या लक्षात राहिले. परंतु त्याचे बळ केवळ थाळीच्या आवाजात नव्हते. रेशनवर धान्य का आले नाही, तेल-साखर कोठे अडली, हा प्रश्न त्या स्त्रियांनी व्यापाऱ्यांना आणि मंत्र्यांना घेराव घालून विचारला. दुकानाच्या पायरीवर न थांबता त्या साखळीच्या वरच्या कडीपर्यंत चढल्या.

आजच्या कार्यकर्त्यापुढे तेच काम नव्या साधनांनी करण्याचे आहे. आपल्या वॉर्डातील प्रत्येक शिधावाटप दुकानात महिन्याला किती धान्य मंजूर झाले, किती आले आणि अंगठ्याचे यंत्र बंद पडल्यामुळे किती माणसे रिकाम्या हाती परतली, याची वही ठेवता येते. दर आठवड्याला वाशीचा घाऊक भाव आणि स्थानिक किरकोळ भाव शाखेच्या फलकावर शेजारी शेजारी लिहिता येतो. या वहीच्या आणि फलकाच्या आधारे चार मागण्या ठामपणे मांडता येतील. ५९,००० रुपयांची मर्यादा आजच्या मजुरीशी जोडून वाढवावी. मोठ्या व्यापाऱ्यांचा आणि कंपन्यांचा जीवनावश्यक वस्तूंचा साठा दर आठवड्याला जाहीर व्हावा. कांद्याच्या सार्वजनिक साठवणुकीत शेतकरी व ग्राहक संस्थांना प्रतिनिधित्व मिळावे. आणि घरपोच माल देणाऱ्या तरुणांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर दर ठरवण्याचा अधिकार असलेले मंडळ राज्याने स्थापावे.

यांतील एकही मागणी कोपऱ्यावरच्या वाण्याविरुद्ध नाही. उधारीवर माल आणणारा, मोठ्या कंपन्यांच्या सवलतींपुढे टिकाव धरू न शकणारा तो लहान दुकानदारही या लढ्यात बरोबर येऊ शकतो, त्याचा फलक आणि त्याची वही सर्वांत उपयोगाची ठरू शकते. पुढचा मोर्चा त्याच्या दुकानापुढून जाईल तेव्हा त्यालाही मोर्च्यात सामील होण्याचे आमंत्रण द्यावे, आणि मग मोर्चा शिधावाटप कार्यालयाकडे वळवावा.